शहराची वाढ आणि शहराखालची शेती
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मला 'शहरविकास आणि पर्यावरण' हा विषय दिला आहे. विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा नगरसेवकांच्या सभेचा विषय, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्याचे काय काम? खरे सांगायचे तर पूर्वी मलाही तसेच वाटत असे. पण मागे दौंड तालुक्यात माती परीक्षणाच्या कार्यक्रमाला गेलो असताना एक बागायतदार मला हाताला धरून कालव्यावर घेऊन गेले. पाणी काळपट होते, वर फेस होता. ते म्हणाले, "साहेब, हे पाणी द्यावं का न द्यावं, तेवढं सांगा. दिलं तर जमीन जाते, नाही दिलं तर पीक जातं." तिथे उभ्या उभ्या मला त्यांचे समाधान करता आले नाही. आजचे भाषण त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

आपण बहुतेक सर्वजण हवेली, दौंड, इंदापूर भागातले आहात, म्हणून उदाहरण पुण्याचेच घेतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर आणि शेतोशेत पाहणी केली. १९१७ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १७७१ साली त्या गावात सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांनी कागदपत्रांवरून दाखवले. जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत, ही त्यांची काळजी होती. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे दहा-दहा, वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. सात एकरांचे पुढे किती गुंठे झाले, हे विचारायलाही तिथे आता शेत उरलेले नाही.

हे सांगताना शहराला शिव्या देण्याचा माझा हेतू नाही. आपली मुले तिथेच शिकतात, तिथेच नोकरीला लागतात, आपला भाजीपाला आणि फुले तिथेच विकली जातात. शहर वाढणार. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत गावे आली, २०१७ मध्ये आणखी ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. प्रश्न एवढाच आहे की, वाढताना शहर आपल्याकडून काय नेते आणि आपल्याला काय परत पाठवते. शहराच्या आत किती बागा केल्या, रस्त्याकडेला किती झाडे लावली, यावरून शहर पर्यावरणाला धरून चालले आहे असे लोक म्हणतात. मी मात्र शहराच्या खालच्या अंगाला, कालव्यावर आणि नदीवर उभा राहून ते पाहतो.

पाण्याचा हिशेब आधी पाहू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले तेव्हा शेती आणि पुणे शहर अशा दोघांसाठी ते बांधले होते. त्यावेळी शहराचा वाटा लहान होता. आता एका टीएमसीचा अर्थ शेताच्या भाषेत समजून घ्या. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. शेतात ७ सेंटिमीटरची पाळी धरली आणि वाटेतली गळती सोडून दिली, तर एवढ्या पाण्यात सुमारे ४० हजार हेक्टरांना एक पाळी बसते. शहराचा कोटा एका टीएमसीने वाढला असे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा हा आकडा मनात धरा.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेतातले पाणी पिकाच्या पानांतून हवेत जाते, ते परत मिळत नाही. घरात वापरलेले पाणी मात्र बहुतेक सगळे मोरीतून आणि संडासातून बाहेर येते. पुरवठ्याच्या ८० टक्के पाणी सांडपाणी होते, असे धरूनच इंजिनिअर लोक गटाराची आखणी करतात. म्हणजे शहर पाणी संपवत नाही, ते घाण करते. घाण काढून टाकली तर त्यातला मोठा वाटा शेतीला परत मिळू शकतो. पुणे महापालिका आणि पाटबंधारे खाते यांच्या करारात हाच विचार होता. शहराला वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी द्यायचे आणि शहराने साडेसहा टीएमसी पाणी प्रक्रिया करून शेतीला परत करायचे, असे ठरले होते. त्यासाठी मुंढव्याला नदीवर जॅकवेल बांधले आणि तेथून पाणी उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे आपण ज्याला बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडण्याची सोय केली. कल्पना चांगली आहे. दुखणे आहे ते 'प्रक्रिया करून' या दोन शब्दांत. शहर ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलत आले. शुद्धीकरण केंद्रांची क्षमता मात्र मैलापाण्याच्या मागे राहिली. जे पाणी केंद्रात जात नाही, ते ओढ्या-नाल्यांनी नदीत येते. जॅकवेल नदीवर असल्याने शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही एकत्र उचलले जाते. उरलेले मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जाऊन पोहोचते. सोलापूर जिल्ह्यातले आपले भाऊबंद ते पाणी वापरतात.

आता त्या बागायतदारांच्या प्रश्नाकडे येतो. पाणी द्यावे का? माझे उत्तर असे की, तपासल्याशिवाय देऊ नये आणि तपासल्यावर मोजून द्यावे.

तपासायचे काय? पहिली गोष्ट क्षारता. प्रयोगशाळा ती विद्युत वाहकतेच्या रूपाने सांगते. ती ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर काळजीचे कारण नाही. ०.७ ते ३ पर्यंत जमीन आणि पीक पाहून वापरावे. ३ च्या वर असेल तर ते पाणी शेतात घेऊ नये. दुसरी गोष्ट उर्वरित सोडियम कार्बोनेट. ते लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी असावे, २.५ च्या वर गेले तर भारी काळी जमीन चोपण होऊ लागते. चोपण जमीन सुधारायला किती जिप्सम, किती सेंद्रिय खत आणि किती वर्षे लागतात, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. ज्या जमिनीला निचरा नाही, तिथे हे पाणी देण्याआधी चर काढा. निचऱ्याशिवाय क्षारांना जायला वाट राहत नाही.

तिसरी गोष्ट नत्र. याकडे आपले सर्वात जास्त दुर्लक्ष होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मैलापाण्यात नत्र असते आणि साध्या प्रक्रियेत ते सगळे निघत नाही. समजा अहवालात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र आले. एका हेक्टरला एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. म्हणजे दर सेंटिमीटरमागे हेक्टरी २ किलो नत्र पडले. ७ सेंटिमीटरच्या पाळीला १४ किलो. एकराच्या हिशेबाने दर पाळीला साधारण १२ किलो युरिया पाण्यातूनच शेतात गेला. अशा दहा पाळ्या दिल्या, की हेक्टरी १४० किलो नत्र झाले. सुरू उसाला आपली शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त नत्र कालव्यातून आले आणि आपण दुकानातून पूर्ण पोती आणून वर टाकली. ऊस हिरवागार दिसतो, शेजारी कौतुक करतात. पण मोठ्या बांधणीनंतर उसाला नत्राची गरज नसते आणि हे पाणी तर तोडणीपर्यंत नत्र देतच राहते. ऊस पक्व होत नाही, लोळतो, उतारा घटतो. आपल्याकडे भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला हा तोटा आपला म्हणून दिसत नाही. सगळ्या गावाचा ऊस असा पिकला की मग सगळ्यांना मिळून दिसतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. अहवाल हातात घेऊन रासायनिक नत्राचा हप्ता तेवढा कमी करा. मोठ्या बांधणीनंतर विहिरीचे पाणी असेल तर ते द्या, नसेल तर दोन्ही आलटून पालटून द्या. खताची पिशवी वाचली तर तो कालव्याचा उपकार समजा.

चौथी गोष्ट जंतूंची, आणि इथे मी थोडे कडक बोलणार आहे. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, काकडी यांना असले पाणी कृपा करून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेत, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यात १०० मिलिलिटरला मैल्याचे जंतू एक हजाराच्या आत असावेत, असे म्हटले होते. नाल्यावर इंजिन बसवून घेतलेले पाणी या मर्यादेत बसेल, अशी आशाही करू नका. शिवाय कारखान्यांचे पाणी मिसळले असेल तर कॅडमियम, शिसे असे जड धातू पालेभाज्यांच्या पानांत साठतात. ही भाजी जाते कुठे? पुण्याच्या मंडईत. शहराने खाली पाठवलेली घाण आपण जुडी बांधून त्यांना परत देतो आणि दोन जुड्या घरीही ठेवतो. अशा पाण्यावर झेंडू, शेवंती, गुलछडी घ्या. निचरा चांगला असेल तर ज्वारी, गहू यांसारखी क्षार सोसणारी पिके घ्या. घेवडा आणि कांदा क्षाराला नाजूक आहेत, ते टाळा. पाणी धरणाऱ्या माणसाला गमबूट द्या. हे सांगितले की लोक हसतात. पण अनवाणी पायाने रात्री या पाण्यात उभा राहणारा माणूस आपल्याच घरचा किंवा आपल्याच वस्तीवरचा असतो. ठिबक असेल तर वाळूची गाळणी आणि चकतीची गाळणी दोन्ही लागतील, नाहीतर शेवाळाने तोट्या महिन्यात बंद पडतात.

कालव्याच्या कडेच्या विहिरींचे पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर नायट्रेट तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तान्ह्या मुलांना त्याचा धोका अधिक असतो.

मैलापाण्याचा उपयोग शेतीला नीट करून घेता येतो का, असे कोणी विचारले तर मी कलकत्त्याचे उदाहरण देतो. त्या शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ भाग आहे. शहराचे मैलापाणी कालव्यांनी तिथल्या उथळ तळ्यांत येते. या तळ्यांना तिकडे भेरी म्हणतात. उन्हाने आणि शेवाळाने पाणी निवळते, शेवाळावर रोहू, कटला वाढतात आणि तळ्यातून बाहेर पडलेले पाणी भातखाचरांना जाते. ही पद्धत तिथल्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून बसवली. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी इंजिनिअरने तिचा अभ्यास करून तिचे मोल जगाला दाखवून दिले. बिल्डरांचा डोळा त्या जमिनीवर होताच. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिचा वापर बदलण्यास मनाई केली आणि २००२ मध्ये रामसर कराराच्या यादीत तिची नोंद झाली. आपल्याकडे उताराची खडकाळ जमीन आहे, तशी तळी जशीच्या तशी होणार नाहीत. परंतु शहराने आपल्या कडेची शेती आणि तळी राखली तर शहराचाच खर्च वाचतो, हे तिथे सिद्ध झालेले आहे.

आता कचऱ्याकडे वळू. जुन्या काळी पुणे नगरपालिका मैल्याचे सोनखत करून विकत असे आणि आसपासचे ऊस बागायतदार ते पैसे देऊन नेत असत. शहराची घाण म्हणजे शेताचे खत, हे नाते तेव्हा उघड होते. पुढे कचऱ्यात प्लॅस्टिक, काच, बॅटऱ्या, औषधे आली आणि नाते तुटले. १९९० च्या दशकापासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. त्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या आणि मग कुठे शहराला आपला कचरा दिसला. त्याआधी तो गाडीत पडला की दिसेनासा होत असे.

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला, तर ओल्या कचऱ्याचे उत्तम खत होते. २०१६ च्या नियमांनी हे वेगळे करणे बंधनकारक केले. पुण्यात कचरावेचक भगिनींची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरी जाऊन असा कचरा गोळा करते. तेव्हा शहराचे खत सरसकट नाकारू नका, पण डोळे मिटून घेऊही नका. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची प्रमाणे दिलेली आहेत. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, एकूण नत्र किमान ०.८ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, शिसे किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. विकणाऱ्याकडे अहवाल मागा. घरच्या घरी पाहायचे तर मूठभर खत बादलीभर पाण्यात ढवळा. प्लॅस्टिक वर येते, काच तळाला बसते. खताला वास येत असेल किंवा ते आतून गरम असेल, तर ते अजून कुजलेले नाही. तसे शेतात टाकले तर ते कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते आणि पीक पिवळे पडते. मग दोष खताला लागतो. फुकट मिळते म्हणून ट्रॉल्या भरून कचरा पसरणारे शेतकरी मी पाहिले आहेत. दहा वर्षांनी त्यांच्या नांगराला पिशव्या लागत होत्या.

राहिला जमिनीचा मुद्दा. तो माझ्या शास्त्राचा विषय नाही, तरी त्याला टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या गावात एजंट येतो, विसार देतो आणि सातबारा फिरतो. विकण्याचा हक्क तुमचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण विकण्याखेरीज दुसरे मार्गही आहेत, ते माहीत असावेत. हडपसरला मगर आणि त्यांच्या नात्यातल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदारी घेतली आणि २००० च्या सुमारास मगरपट्टा सिटी उभारण्यास सुरुवात केली. जमीन गेली तरी मालकी गेली नाही. हे सगळीकडे जमेल असे नाही. तिथे भावकी एक होती, जमीन सलग होती आणि पुढाकार घेणारे होते. आपल्याकडे बांधाच्या वादात सलग पाच एकर जमणे मुश्किल! दुसरा मार्ग नगररचना योजनेचा आहे. तिच्यात सगळ्यांची जमीन एकत्र धरून रस्ते आणि बागांसाठी वाटा काढतात आणि उरलेला भूखंड मालकाला परत मिळतो. त्याचा कायदा मुंबई प्रांतात १९१५ पासून आहे.

आणि हिरवळ राखण्याचा खर्च कोणी सोसायचा, हेही विचारले पाहिजे. १९९७ नंतर पुण्यात आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले. टेकड्या राखणे योग्यच आहे. टेकडी उघडी पडली की खालच्या विहिरी आटतात, हे आपल्याइतके कोणाला कळते? पण जमीनमालकांना २०१५ मध्ये मोबदला ठरला तो ८ टक्के विकास हक्कांचा. हवा सगळ्या शहराने घ्यायची आणि जमीन मात्र काही कुटुंबांची अडकून पडायची, असे झाले की मालकच रात्रीतून टेकडी विकून मोकळा होतो. पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशेब टाळू नये, असे माझे मत आहे.

त्याचबरोबर एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती ओढ्याची. प्लॉट पाडताना ओढा बुजवून नळी टाकतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसे गेली, घरे गेली. ओढा आपली वाट विसरत नाही. आपल्या गावाचा जुना गाव-नकाशा तलाठ्याकडून काढून घ्या, त्यावरचे ओढे पाहा आणि विकास आराखड्याचा मसुदा जाहीर होईल तेव्हा तो नकाशा जोडून मुदतीत लेखी हरकत द्या. मुदत संपल्यावर मोर्चा काढून फारसे काही हाती लागत नाही.

त्या दौंडच्या बागायतदारांनी पुढे कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने दोनदा दिले, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. क्षारता मधल्या पट्ट्यात होती, नत्र भरपूर होते. त्यांनी उसाचा युरिया कमी केला, दोन चर काढले आणि कालव्यालगतचा कोथिंबिरीचा वाफा मोडून तिथे गुलछडी लावली. मुलगा अजून जमीन विकू म्हणतो. त्यांनी त्याला खोडवा तुटेपर्यंत थांबायला सांगितले आहे.

नमुना घेण्याची पद्धत सांगून थांबतो. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने ती तीन वेळा विसळा. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून मग काठोकाठ भरा. नाव, गाव, गट नंबर, तारीख आणि पीक चिठ्ठीवर लिहा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी ही बाटली चालत नाही. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतून न्यावी लागते आणि नमुना बर्फात ठेवून आणावा लागतो. ज्यांच्या शेताला बेबी कालव्याचे पाणी येते, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला मंडपामागे भेटावे.